घटक ५ : खेळातून चित्रपटाकडे – ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आणि माध्यमांतराचे प्रश्न

५.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :

• माध्यमांतर म्हणजे केवळ कथानकाचे स्थलांतर नव्हे, हे उदाहरणासह स्पष्ट करता येईल.
• वाचक, प्रेक्षक आणि खेळाडू यांच्या कथेशी असलेल्या नात्यातील भेद सांगता येईल.
• ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या चित्रपटाची त्याच्या मूळ व्हिडिओ गेमशी तुलना करता येईल.
• माध्यमांतरित कलाकृतीचे मूल्यमापन करताना ‘मूळाशी प्रामाणिकपणा’ हा निकष कितपत पुरेसा आहे, याचा विचार करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकांत आपण कादंबरीवरून चित्रपट कसा घडतो हे पाहिले. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेला चित्रपट, गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’वरून जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये साकारलेला चित्रपट आणि आनंद यादव यांच्या ‘नटरंग’वरून रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला २०१० सालचा चित्रपट ही उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत. या सर्वांमध्ये मूळ कलाकृती शब्दांची होती. ती वाचली जात होती, नंतर ती पाहिली जाऊ लागली.

प्रस्तुत घटकात आपण एक वेगळे उदाहरण अभ्यासणार आहोत. ज्या वर्षी मराठीत ‘नटरंग’ आला, त्याच वर्षी २८ मे रोजी अमेरिकेत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ हा भव्य साहसपट प्रदर्शित झाला. त्याचे मूळ कादंबरीत नाही, नाटकात नाही, तर एका व्हिडिओ गेममध्ये आहे. हा खेळ आपण कधी खेळला नसेल, तरी हरकत नाही. आवश्यक तेवढी माहिती पुढे दिली आहे. आपल्या घरातील किंवा शेजारची तरुण मुले असे खेळ खेळत असतील, तर त्यांच्याशी बोलून हा घटक वाचावा. विषय अधिक स्पष्ट होईल.

मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात अशा चित्रपटाला स्थान का, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. निवेदक, कथानक, नायकाचा अपराधभाव, शेवट या संकल्पना आपण कथा-कादंबरीच्या संदर्भात शिकलो. त्या संकल्पना किती सखोल आहेत हे पाहावयाचे असेल, तर त्या अनोळखी प्रदेशात लावून पाहाव्या लागतात. शिवाय, या खेळाच्या कथेचा आरंभ भारतात होतो आणि तिच्यात पंचतंत्राची आठवण करून देणारा एक शब्दही येतो. तो धागा चित्रपटात कोठे गेला, हा प्रश्न भारतीय अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ सांगणे, दाखवणे आणि सहभागी करून घेणे

माध्यमांतराच्या अभ्यासक लिंडा हचन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, कथा आपल्यापर्यंत तीन रीतींनी पोहोचते, असे प्रतिपादन केले आहे. पहिली रीत सांगण्याची. कथा-कादंबरी या रीतीची आहे. दुसरी रीत दाखवण्याची. नाटक आणि चित्रपट तिच्यात मोडतात. तिसरी रीत सहभागी करून घेण्याची. व्हिडिओ गेम हे तिचे ठळक उदाहरण होय.

कादंबरी वाचणारा पात्राच्या मनात शिरतो, चित्रपट पाहणारा पात्राची कृती डोळ्यांनी अनुभवतो, खेळणारा मात्र पात्राच्या वतीने कृती करतो. नायकाने उडी मारावी की थांबावी, डावीकडे जावे की उजवीकडे, हे खेळाडूच्या बोटांवर अवलंबून असते. उडी चुकली तर नायक दरीत कोसळतो, आणि त्या पडण्याला खेळाडू स्वतः जबाबदार असतो. ‘तो पडला’ असे खेळाडू सहसा म्हणत नाही. ‘मी पडलो’ असेच म्हणतो. मराठी व्याकरणातील या प्रथमपुरुषी क्रियापदात खेळ या माध्यमाचे सारे वैशिष्ट्य सामावलेले आहे.

खेळावरून चित्रपट करताना हे ‘मी’ पुन्हा ‘तो’ बनते. या परिवर्तनात काय गळते, काय नव्याने येते, हा आपल्या विवेचनाचा मुख्य विषय आहे.

५.३.२ मूळ खेळ : मर्यादांतून घडलेली कला

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने निर्माण केला. १९८९ साली तो ‘अ‍ॅपल २’ या संगणकासाठी ब्रॉडरबंड या कंपनीने प्रकाशित केला. कथानक अगदी साधे होते. सुलतान युद्धासाठी परदेशी गेलेला असतो. दुष्ट वजीर जाफर सत्ता बळकावतो आणि राजकन्येपुढे दोनच पर्याय ठेवतो : त्याच्याशी विवाह किंवा मृत्यू. निर्णयासाठी तिला एक तासाची मुदत मिळते. तळघरात कैद असलेल्या नायकाने त्या ६० मिनिटांत सापळे, खंदक आणि पहारेकरी यांना पार करून तिच्यापर्यंत पोहोचायचे. खेळाडूच्या घड्याळातील तास आणि कथेतील तास येथे एकच आहे.

या खेळाचे नावाजलेले वैशिष्ट्य म्हणजे नायकाची हालचाल. त्या काळातील खेळांतील पात्रे यांत्रिक हालचाली करीत. मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला, भिंतीला लोंबकळायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यातील एकेक चौकट गिरवून नायकाची आकृती तयार केली. तलवारीच्या लढाईसाठी त्यांनी १९३८ सालच्या ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या चित्रपटातील द्वंद्वाचा आधार घेतला. याचा अर्थ असा की, चित्रपट या खेळात आरंभापासूनच वास करीत होता. पुढे खेळावरून चित्रपट निघाला, तेव्हा एका अर्थाने घेतलेले परत करण्यात आले.

दुसरे वैशिष्ट्य मर्यादेतून जन्मले. त्या संगणकाची स्मरणक्षमता इतकी तुटपुंजी होती की, नायकाच्या चित्रांनीच ती जवळजवळ भरून गेली. नव्या शत्रूची चित्रे साठवायला जागा उरली नाही. तेव्हा नायकाच्याच चित्रांत थोडा फेरफार करून एक छायापुरुष निर्माण करण्यात आला. नायक आरशातून उडी मारतो आणि त्याचे प्रतिबिंब त्याच्यापासून वेगळे होऊन त्याचा वैरी बनते. या छायापुरुषावर वार केला की जखम नायकालाच होते. तलवार म्यान केली की दोघे एकरूप होतात. ‘माणसाचा खरा शत्रू त्याच्या आतच असतो’ हे आपल्या संतवाङ्मयातून परिचित असलेले सूत्र येथे उपदेशाच्या रूपाने येत नाही. तलवार खाली ठेवण्याची कृती खेळाडूला स्वतः करावी लागते, आणि ती करण्यापूर्वी तो बहुधा एकदोनदा मरतो.

५.३.३ २००३ चा खेळ : चूक आणि निवेदन

२००३ साली युबिसॉफ्ट या कंपनीच्या मॉन्ट्रियल येथील विभागाने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ हा नवा खेळ प्रकाशित केला. त्याची कथा मेकनर यांनीच लिहिली. चित्रपटाचे नाव आणि मुख्य कल्पना या खेळातून आलेल्या आहेत. म्हणून त्याचे कथानक थोडे तपशिलाने पाहू.

इराणचा राजा शाहरमान आणि त्याचा पुत्र भारतातील एका महाराजाच्या राजवाड्यावर हल्ला करतात. वाटेत फितूर झालेला महाराजाचाच वजीर त्यांना साहाय्य करतो. पित्यापुढे पराक्रम सिद्ध करण्याच्या ईर्षेने राजपुत्र कालखंजीर हस्तगत करतो. विजेते प्रचंड आकाराचे वाळूचे घड्याळ आणि महाराजाची कन्या फराह यांना लुटीत घेऊन जातात. पुढे एका मित्रराजाच्या महालात वजीर राजपुत्राला फसवतो. त्याच्या सांगण्यावरून राजपुत्र खंजिराने ते घड्याळ उघडतो, आणि बाहेर पडलेली वाळू सर्व माणसांना राक्षस बनवून टाकते. राजपुत्राचा पिताही त्यांच्यात असतो. त्याच्याशी राजपुत्राला, म्हणजे खेळाडूला, लढावे लागते.

या खेळात तीन गोष्टी लक्षणीय आहेत.

पहिली, नायकाला नाव नाही. तो केवळ ‘राजपुत्र’ आहे. नाव नसल्यामुळे खेळाडूला त्याच्या जागी स्वतःला ठेवणे सोपे जाते.

दुसरी, अनर्थाला नायक स्वतः कारणीभूत आहे. त्याला फसवले गेले हे खरे, पण घड्याळात खंजीर खुपसणारा हात त्याचाच. अहंकार आणि कीर्तीची हाव यांमुळे घडलेली चूक निस्तरणे हाच पुढील कथेचा विषय होय.

तिसरी, सारी कथा राजपुत्र स्वतः भूतकाळात सांगतो आहे. खंजिरातील वाळू खर्चून काही क्षण मागे जाता येते, म्हणजे चुकलेली उडी पुन्हा मारता येते. परंतु वाळू संपली आणि नायक मेला, तर निवेदकाचा आवाज ऐकू येतो : थांबा, असे घडले नव्हते, मी पुन्हा सांगतो. म्हणजे खेळाडूचे अपयश हे निवेदकाचे चुकीचे सांगणे ठरते. प्रथमपुरुषी निवेदनाचा इतका चपखल उपयोग छापील कथेत शक्य नाही, कारण पुस्तकातील निवेदकाचे सांगणे वाचकाच्या हातून चुकत नाही.

शेवटी राजपुत्र काळ मागे नेतो. किती मागे? भारतातील राजवाड्यावर हल्ला होण्यापूर्वीच्या रात्रीपर्यंत. फराहच्या महालात शिरून तो तिला ही सारी कथा ऐकवतो. आतापर्यंत आपण ऐकत होतो ते निवेदन तिला उद्देशून होते, हे येथे उलगडते. तिच्या लेखी यातले काहीच घडलेले नसते. ती त्याला ओळखतही नाही. कथेच्या ओघात, भीती वाटली की उच्चारावा असा बालपणी आईने शिकवलेला एक शब्द फराहने राजपुत्राला सांगितलेला असतो. जाताना तो तिला तोच शब्द ऐकवतो. तो शब्द म्हणजे ‘काकोलूकीयम्’.

पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्राचे हेच नाव असल्याचे आपल्या लक्षात आले असेल. कावळे आणि घुबडे यांच्या वैराची, आणि शत्रूचा विश्वास संपादन करून त्याच्या दुर्गात शिरणाऱ्या स्थिरजीवी नावाच्या मंत्र्याची ती कथा होय. पंचतंत्र सहाव्या शतकात खुस्रो अनुशिरवान या इराणी राजाच्या काळात पहलवी भाषेत गेले, तेथून ‘कलीला व दिम्ना’ या नावाने अरबीत पोहोचले. भारतातून इराणकडे जाणाऱ्या कथांची वाट अशी जुनी आहे. एका भारतीय राजकन्येच्या मुखी हा शब्द यावा, हे त्या वाटेचे सूचक चिन्ह म्हणून वाचता येते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
(अ) लिंडा हचन यांच्या वर्गीकरणानुसार व्हिडिओ गेम कोणत्या रीतीत मोडते? (सांगणे / दाखवणे / सहभागी करून घेणे)
(आ) २००३ च्या खेळातील अनर्थाला प्रत्यक्ष कृतीने कोण कारणीभूत ठरतो? (राजा / राजपुत्र / फराह)
(इ) ‘काकोलूकीयम्’ हे पंचतंत्रातील कितवे तंत्र आहे? (पहिले / तिसरे / पाचवे)

५.३.४ चित्रपटाचे कथानक

चित्रपटाची निर्मिती जेरी ब्रुकहायमर यांनी वॉल्ट डिस्ने या संस्थेसाठी केली आणि दिग्दर्शन माइक न्यूएल यांनी. चित्रपटकथेचे श्रेय मेकनर यांना असून पटकथा बोआझ याकिन, डग मिरो आणि कार्लो बर्नार्ड यांच्या नावावर आहे. चित्रीकरण मोरोक्को आणि इंग्लंडमधील पाइनवुड स्टुडिओत झाले.

बाजारात एका मुलाला वाचवण्यासाठी सैनिकांशी भिडणाऱ्या अनाथ बालकाचे धैर्य पाहून राजा शाहरमान त्याला दत्तक घेतो. हा बालक म्हणजे दस्तान (जेक जिलनहाल). तुस आणि गार्सिव हे राजाचे औरस पुत्र, तर निझाम (बेन किंग्जले) हा राजाचा भाऊ. आलामुत हे पवित्र नगर इराणच्या शत्रूंना शस्त्रे पुरवते, असा आरोप करून राजपुत्र त्याच्यावर चाल करून जातात. दस्तानच्या चातुर्याने नगर पडते आणि खंजीर त्याच्या हाती लागतो. विजयोत्सवात दस्तानने भेट दिलेल्या विषारी झग्यामुळे राजाचा मृत्यू होतो. दस्तानवर पितृहत्येचा आळ येतो. नगराची राजकन्या तमिना (जेमा आर्टर्टन) हिच्यासह तो पळ काढतो. या सर्वांमागे निझामचा डाव असतो. बालपणी त्याने शाहरमानला सिंहापासून वाचवले होते. आता काळ मागे नेऊन भावाला मरू द्यावे आणि स्वतः राजा व्हावे, ही त्याची आकांक्षा. अखेरीस तमिना दस्तानचा हात सोडून स्वतःचे बलिदान देते. दस्तान काळ मागे नेतो, निझामचे कारस्थान उघड करतो आणि खंजीर तमिनाला परत करतो. तिला काहीच आठवत नाही.

५.३.५ चार बदल आणि त्यांचा अर्थ

(अ) अपराधी नायक निर्दोष झाला. खेळातील राजपुत्र घड्याळ उघडतो. चित्रपटातील दस्तानच्या हातून झगा दिला जातो, पण त्यातील विषाची त्याला कल्पना नसते. पहिल्याची कथा पश्चात्तापाची, तर दुसऱ्याची कथा खोट्या आळातून मुक्त होण्याची. हा बदल माध्यमामुळे घडला असे म्हणता येईल. खेळात अनर्थाचे बटण खेळाडूनेच दाबलेले असते, त्यामुळे अपराधात तो भागीदार असतो आणि नायकाला दूर लोटू शकत नाही. प्रेक्षकाने मात्र काहीच केलेले नसते. त्याने नायकाच्या बाजूला राहावे यासाठी व्यावसायिक चित्रपट नायकाला निष्कलंक ठेवतो. तथापि हे अपरिहार्य होते असे मात्र नाही. ‘नटरंग’मधील गुणा कागलकर कलेच्या वेडापायी घरादाराची वाताहत होऊ देतो, तरी प्रेक्षक त्याच्यासोबत राहतो. म्हणून ‘माध्यमाची गरज’ आणि ‘बाजाराची सावधगिरी’ या दोन कारणांची गल्लत होऊ देऊ नये.

(आ) काळ मागे नेणे दुर्मिळ झाले. खेळात हे वारंवार घडते, कारण खेळाडू वारंवार चुकतो. चित्रपटात तेच वारंवार दाखवले असते, तर कोणत्याही संकटाला वजन उरले नसते. म्हणून पटकथाकारांनी खंजिराचा उपयोग मोजकाच ठेवला. त्यातील एक प्रसंग विशेष प्रभावी आहे. तुसला सत्य पटावे म्हणून दस्तान त्याच्यासमोर स्वतःला भोसकून घेतो. खंजिरावरील रत्न दाबून भावाला परत आणायचे की नाही, हा निर्णय आता तुसच्या हाती असतो. काळ मागे नेण्याची युक्ती येथे विश्वासाची कसोटी बनते. खेळातील कौशल्याचे साधन चित्रपटात नात्याचे साधन झाले आहे. हे यशस्वी माध्यमांतराचे उदाहरण होय.

(इ) भारत नाहीसा झाला. महाराजाच्या राजवाड्याची जागा आलामुतने घेतली आणि फराहची जागा तमिनाने. आलामुत हे नाव ऐतिहासिक आहे. इराणमधील अल्बुर्झ पर्वतातील हा किल्ला १०९० साली हसन-ए-सब्बाह याने ताब्यात घेतला आणि १२५६ साली तो मंगोलांच्या हाती गेला. चित्रपटातील नगराचा त्या किल्ल्याशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. ‘काकोलूकीयम्’ या शब्दालाही मग स्थान उरले नाही. त्याच्या बदल्यात एक समकालीन संदर्भ आला. शस्त्रसाठ्याच्या खोट्या वार्तेवरून एका नगरावर आक्रमण होते, हे कथासूत्र २००३ च्या इराक युद्धाची आठवण करून देते. माध्यमांतर केवळ मूळ कृतीशी नव्हे, तर आपल्या काळाशीही बोलत असते, याचे हे उदाहरण.

(ई) शेवट अलीकडे थांबला. खेळाचा राजपुत्र आक्रमणापूर्वीच्या रात्रीपर्यंत मागे जातो. त्यामुळे ते आक्रमणच टळण्याची शक्यता निर्माण होते. दस्तान मात्र नगर पडल्यानंतरच्या क्षणापर्यंतच पोहोचतो. पिता वाचतो, भाऊ वाचतात, तमिना वाचते. पण नगराच्या तटावर मारले गेलेले सैनिक मेलेलेच राहतात. आक्रमक क्षमा मागतात आणि विवाहाचा प्रस्ताव ठेवतात. खेळ आणि चित्रपट दोन्हींत ‘त्याला सारे आठवते, तिला काहीच नाही’ हा हुरहूर लावणारा शेवट कायम आहे. परंतु एकात युद्धच मागे घेण्याची वाट खुली होते, तर दुसऱ्यात केवळ घरातील विश्वासघात पुसला जातो. कथा कोणत्या क्षणापासून पुन्हा सुरू करायची, या वरवर तांत्रिक वाटणाऱ्या निर्णयात कथेची नैतिक दृष्टी दडलेली असते. काळ मागे नेण्याचे सामर्थ्य हाती आल्यावर माणूस कोणासाठी मागे जातो, हा प्रश्न दोन्ही कृतींनी विचारला आहे. त्यांची उत्तरे भिन्न आहेत.

५.३.६ नावांची परंपरा

खेळातील अनाम राजपुत्राला चित्रपटात ‘दस्तान’ हे नाव मिळाले. फारसीत या शब्दाचा अर्थ कथा असा होतो. ‘दास्तान’ या रूपात तो आपल्यालाही परिचित आहे. फिरदौसीच्या ‘शाहनामा’ या महाकाव्यात रुस्तुमचा पिता झाल याचे दस्तान हे दुसरे नाव आहे. जन्मतःच टाकून दिलेल्या झालला सीमुर्ग पक्ष्याने वाढवले होते. चित्रपटातील नायकही अनाथ आहे. तुस हे नावही शाहनाम्यातील आहे, आणि तमिना हे नाव सोहराबची माता तहमीना हिच्या नावाशी जुळते. अशा रीतीने एका व्यावसायिक साहसपटाच्या तळाशी महाकाव्याचे काही कण सापडतात.

नावे इराणी असली, तरी ती धारण करणारे प्रमुख कलावंत इराणी नव्हते. याविषयी चित्रपटावर टीका झाली. पूर्वेकडील कथा पाश्चात्त्य चेहऱ्यांनी सांगण्याची ही हॉलिवूडमधील जुनी प्रथा आहे. माध्यमांतराचा विचार करताना ‘कोणाची कथा, कोणाच्या मुखाने’ हा प्रश्नही विचारात घ्यावा लागतो.

५.३.७ उन्हाळी चित्रपटाचे गणित

हा चित्रपट मे महिन्याच्या अखेरीस का प्रदर्शित झाला? अमेरिकेत मे ते ऑगस्ट हा उन्हाळी चित्रपटांचा हंगाम मानला जातो. १९७५ च्या ‘जॉज’च्या यशानंतर मोठ्या खर्चाचे, सर्व वयोगटांसाठीचे चित्रपट या काळात आणण्याची रीत रूढ झाली. असा चित्रपट अनेक देशांत चालावा लागतो. म्हणून संवादांपेक्षा कृती, आणि सूक्ष्म अपराधभावापेक्षा स्पष्ट खलनायक यांना प्राधान्य मिळते. याच निर्मात्याची ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही चित्रपटमालिका डिस्नेच्या उद्यानातील एका सफरीवरून घडली होती. खेळावरूनही तसेच यश मिळेल, ही अपेक्षा होती.

जगभरात चित्रपटाने सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळवले. त्यांपैकी अमेरिकेतील वाटा सुमारे ९ कोटी होता. व्हिडिओ गेमवरील चित्रपटांत उत्पन्नाचा हा उच्चांक २०१६ मध्ये ‘वॉरक्राफ्ट’ येईपर्यंत टिकला. तरीही निर्मितिखर्च प्रचंड असल्याने अपेक्षित मालिका पुढे सरकली नाही. आकडा मोठा असणे आणि यश मिळणे या भिन्न गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे.

५.३.८ मूल्यमापनाचा निकष

‘चित्रपट मूळासारखा नाही’ ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. वरील विवेचनावरून ही तक्रार अपुरी आहे हे दिसून येईल. तुस आणि खंजिराचा प्रसंग मूळात नाही, तरी तो मूळ कल्पनेला नवे सामर्थ्य देतो. याउलट भिंतीवरून धावण्याचे प्रसंग मूळ खेळाशी अतिशय प्रामाणिक आहेत. त्यांसाठी पार्कूर या धावण्या-उडण्याच्या शिस्तीचे प्रवर्तक दाविद बेल यांचे मार्गदर्शनही घेण्यात आले. परंतु खेळात ती उडी आपली असते, पडद्यावर ती दुसऱ्याची असते. बाह्य रूप तेच राहिले आणि अनुभव बदलला. म्हणून अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत : मूळ माध्यमात अनुभवाचा गाभा कोणता होता? नव्या माध्यमाने त्याला कोणता पर्याय शोधला? आणि जे वगळले ते माध्यमामुळे वगळले, की अन्य हेतूने?

या कसोटीवर प्रस्तुत चित्रपट संमिश्र ठरतो. काळाशी खेळण्याची कल्पना त्याने समर्थपणे नाट्यात रूपांतरित केली. चुकीचे ओझे वाहणारा नायक आणि चुकत चुकत सांगणारा निवेदक मात्र त्याने गमावला. चित्रपटाला निवेदक वर्ज्य नाही. त्यामुळे हे दुसरे नुकसान टाळता आले असते, असे म्हणण्यास जागा आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दस्तान स्वतःला भोसकून घेतो, तो कशासाठी?
(आ) खेळाच्या आणि चित्रपटाच्या शेवटी काळ कोणत्या क्षणापर्यंत मागे जातो?
(इ) ‘दस्तान’ या फारसी शब्दाचा अर्थ कोणता?

५.४ सारांश

माध्यमांतरात कथानकाबरोबर रसिकाची भूमिकाही बदलते. वाचक ऐकतो, प्रेक्षक पाहतो, खेळाडू करतो. १९८९ आणि २००३ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळांत चूक, पुनःप्रयत्न आणि जबाबदारी हे अनुभवाचे केंद्र होते. २०१० च्या चित्रपटात नायक निर्दोष झाला, काळ मागे नेण्याची युक्ती विश्वासाची कसोटी बनली, भारतीय संदर्भ गळाला आणि शेवट युद्धानंतरच्या क्षणावर येऊन थांबला. यांतील काही बदल माध्यमाच्या स्वभावामुळे, तर काही उन्हाळी व्यावसायिक चित्रपटाच्या गरजांमुळे झाले. मूल्यमापन करताना या दोन कारणांत भेद करणे हे अभ्यासकाचे काम आहे.

५.५ पारिभाषिक शब्द

माध्यमांतर : एका माध्यमातील कलाकृतीची दुसऱ्या माध्यमात केलेली पुनर्निर्मिती.
निवेदक : कथा सांगणारा. तो कथेतील पात्र असू शकतो किंवा कथेबाहेरचाही असू शकतो.
सहभागिता : रसिकाच्या कृतीवर कथेची वाटचाल अवलंबून असणे.
पटकथा : चित्रपटासाठी दृश्यक्रमाने केलेले लेखन.

५.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) सहभागी करून घेणे. (आ) राजपुत्र. (इ) तिसरे.
प्रश्न २ : (अ) खंजिराच्या सामर्थ्याविषयी तुसची खात्री पटवण्यासाठी. (आ) खेळात महाराजाच्या राजवाड्यावरील हल्ल्यापूर्वीच्या रात्रीपर्यंत, चित्रपटात आलामुत पडल्यानंतरच्या क्षणापर्यंत. (इ) कथा.

५.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘खेळाडूचे अपयश हे निवेदकाचे चुकीचे सांगणे ठरते.’ हे विधान २००३ च्या खेळाच्या आधारे स्पष्ट करा.
२. अपराधी नायक आणि निर्दोष नायक यांमुळे कथेच्या परिणामात पडणारा फरक, आपण वाचलेल्या एका मराठी कादंबरीचे उदाहरण घेऊन विशद करा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील, नियमित व्हिडिओ गेम खेळणाऱ्या एका व्यक्तीला तिच्या आवडत्या खेळाची कथा सांगावयास विनंती करा. सांगताना ती ‘मी’ केव्हा म्हणते आणि ‘तो’ किंवा ‘ती’ केव्हा म्हणते, याची नोंद करून सुमारे ३०० शब्दांत निरीक्षण लिहा.